मनोऱ्यावरचा रुमाल

"एवढा जीव काढून वर चढलो, आणि मिळालं काय, तर फडकं!"

ओटीवर बसलेला पाहुणा मांडीवरच्या लॅपटॉपशी भांडत होता. केसर त्याच्या पाठीशीच चहाचा कप घेऊन उभी होती. पैसे देऊन घरी उतरणाऱ्या पाहुण्यांच्या कुरकुरीची तिला सवय होती. कुणाला कोंबडा फार लवकर आरवतो, कुणाला माशाला वास येतो, कुणाला समुद्र लांब वाटतो आणि भरती आली की तोच फार जवळ वाटतो. पण फडकं मिळालं म्हणून चिडलेला माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला.

"फडकं पायजे का, भाऊ? आत धुतलेलं हाय."

साहिल हसला. पुण्याहून एकटाच आलेला, तिशीच्या आतबाहेरचा, ताटातलं सगळं संपवणारा पाहुणा. "तसं नाही हो मावशी. गेममधलं म्हणतोय. हे बघा, तुमच्याच गावचा मनोरा."

केसर वाकली. आणि तशीच वाकलेली राहिली.

पडद्यावर मनोरा होता, आणि तो अख्खा होता.

खरा मनोरा ओटीवरून माडांच्या वर दिसायचा, पण अर्धाच. कोळीवाड्याच्या टोकाला, खाडी समुद्राला मिळते तिथे, कधीकाळी फिरंग्यांनी काळ्या दगडाचा हा उंच मनोरा उभा केला होता. फिरंगी गेले, त्यांच्या तोफा गेल्या, मनोरा तेवढा राहिला. मग वीस सालचं चक्रीवादळ आलं आणि एका दुपारीत त्याचे वरचे मजले खाली घेऊन गेलं. साहिल आल्या दिवशी तो बघून तोंड पाडून परतला होता. "अर्धाच आहे की हो," असं त्याने केसरला सुनावलं होतं, जसं काही ताटात अर्धंच पापलेट वाढलं होतं. "बाकीचा वाऱ्यानं नेला," ती म्हणाली होती, "तक्रार त्याच्याकडं करा." पुण्याचा माणूस पडका मनोरा बघायला एवढ्या लांब कशाला येईल, हे तिला तेव्हा कळलं नव्हतं.

आता कळलं. पडद्यावर जुन्या काळचा किनारा होता, शिडाची जहाजं नव्हती, माणसंही नव्हती, नुसता वारा आणि माड. एक शिपाईगडी मनोऱ्याच्या आतल्या वळणाच्या पायऱ्या चढून सगळ्यात वरच्या खिडकीशी उभा होता. खिडकीच्या लोखंडी कडीला लाल चौकड्याचा रुमाल बांधलेला होता आणि वाऱ्यावर उडत होता. कोळी कमरेला नेसतो तसला रुमाल. त्याचा एक कोपरा फाटलेला होता आणि जाळ्याच्या हिरव्या दोऱ्याने शिवलेला होता.

कपातला चहा बशीत सांडला.

तो हिरवा दोरा केसरने स्वतः ओवला होता. घरात लाल दोरा नव्हता म्हणून. "बोंबलासारखा मीच अडकेन यात," असं तेव्हा तिचा नवरा सदा म्हणाला होता.

"हा कोण काढतं?" तिने विचारलं.

"जो खेळेल तो. वर पोचलं की विचारतं, रुमाल उतरवायचा का. हो म्हटलं की आपल्या पिशवीत जातो. बास. त्याचा पुढे कशालाच उपयोग नाही."

"आणि मंग?"

"मग काही नाही. दुसरा कुणी खेळायला बसला की त्याच्यासाठी परत तिथेच लटकलेला असतो."

"तुमी काढलात?"

"हो, आत्ताच. बघा ना, हा गेला." खिडकीची कडी मोकळी दिसत होती.

"च्या गार व्हईल," एवढं म्हणून केसर आत गेली. त्या दिवशीच्या कालवणात मीठ दोनदा पडलं. साहिल भला माणूस, फक्त पाणी पीत राहिला.

*

त्या गावातल्या कोळ्यांची एक रीत होती. होडी ठरल्या वेळेला परत आली नाही, की घरची बाई माणसाचा रुमाल घेऊन मनोरा चढायची आणि वरच्या खिडकीला बांधायची. आपली वाट कोणीतरी बघतंय, हे दर्यावरून दिसावं म्हणून. माणूस परतला की घरी जायच्या आधी स्वतः वर जाऊन रुमाल सोडायचा, आणि मग सगळा वाडा त्याची टिंगल करायचा. रुमालावरून उशीर मोजला जायचा आणि उशिरावरून बायकोचा राग.

माणूस परतायचाच नाही असं दिसलं, तर पाटील वर जायचा. समुद्राकडे तोंड करून त्या माणसाचं नाव घ्यायचा, गेला म्हणायचा, आणि मग रुमाल उतरवून पाण्यात सोडायचा. त्यानंतर बाईच्या बांगड्या फुटायच्या आणि घरात रडं सुरू व्हायचं. त्याआधी कुणी रडायचं नाही. रुमाल वर असेपर्यंत माणूस यायचा आहे, असंच धरायचं.

सदा वादळाच्या आदल्या वर्षी गेला होता. एकटाच छोट्या होडीतून जाळं बघायला निघाला आणि त्याच दुपारी दर्या फिरला. होडी पुढे मुरूडच्या अंगाला सापडली, पालथी. सदा सापडला नाही. केसरने रुमाल बांधला होता. गावाने थांबायचं तेवढं थांबून घेतलं आणि मग अंबाजी पाटील नारळ घेऊन मनोऱ्याशी आला. अंबाजी सदाचा चुलतभाऊ, वयाने बापासारखा, त्यानेच सदाला वल्हं धरायला शिकवलेलं.

केसर मनोऱ्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती. जिना अरुंद होता. एक बाई बसली की वाट बंद.

"केसर, सरक गो जरा."

"माज्या अंगावरून जा, दादा."

अंबाजी नारळ घेऊन परत गेला. नंतर पुन्हा येऊन बघितलं, ती तिथेच.  मग पावसाच्या तोंडाला वादळ आलं, माड काड्यांसारखे मोडले, छपरं उडाली आणि मनोऱ्याचा वरचा भाग खिडकीसकट, कडीसकट, रुमालासकट खाली आला. दगड सापडले. रुमाल सापडला नाही.

आता वाऱ्याने काढलेला रुमाल उतरवला असं धरायचं की नाही, हे जुन्या माणसांनी ठरवून ठेवलेलं नव्हतं. मनोरा पडू शकतो, हे त्यांच्या मनातही आलं नसावं. गावाने मग सगळ्यात सोपा मार्ग घेतला, कुणी काहीच बोललं नाही. केसरच्या हातात हिरव्या बांगड्या तशाच राहिल्या, कपाळावर कुंकू तसंच राहिलं. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही, म्हणून बायकांनी कोळीवाड्यातलं हळदीकुंकूच बंद केलं. केसरला ते समजत होतं. तिने कधी विचारलं नाही.

घरात तर भाषाच वेगळी झाली होती. सदाची आई सोनाबाई, डोळ्यांना कमी दिसायचं, पण जीभ शाबूत. नवं छप्पर घालायचं निघालं तर "सदा आला की बघू." पाहुण्यांसाठी मागे दोन खोल्या काढल्या तेव्हा "सदा आला की त्याला आवडायच्या न्हायत." रोज जेवणात एक तुकडी बाजूला निघायची. सकाळी ती मांजर खायचं. मांजर चांगलं गुबगुबीत झालं होतं आणि त्याबद्दलही कुणी काही म्हणत नव्हतं.

*

रात्र सरून उजाडल्यावर केसरने लेकीला फोन लावला. ऋतिका ऐरोलीला एका कंपनीत होती. घरं, किल्ले, देवळं कॉम्प्युटरवर उभी करायचं काम, एवढंच केसरला माहीत होतं. कशासाठी उभी करायची, ते तिने कधी विचारलं नव्हतं. पोरगी खोटी घरं बांधते आणि खरा पगार घेते, असं ती बाजारात हसून सांगायची.

"तुज्या बाबाचा रुमाल लोकं काढतात," केसर म्हणाली.



"मी येते, आये."

मांडव्याच्या बोटीने ऋतिका शनिवारी आली. साहिल मनोऱ्याचे फोटो काढून सकाळीच परत गेला होता, ते एक बरं झालं. आल्या आल्या ती आजीच्या पाया पडली, आजीने तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि "हाडं लागतात" म्हणाली. मग मायलेकी मागच्या पडवीत बसल्या. केसर करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, सोलत होती. ऋतिकानेही सुपातली मूठभर घेतली. हात कामात असले की एकमेकींकडे बघावं लागत नाही.

"आदी सांग, का केलंस?"

"पाडायला नाही केलं गं. उभं करायला केलं." ऋतिकाने करंदीचं डोकं मोडलं. "आमच्या गेमला किनाऱ्यावरचा एक जुना मनोरा हवा होता. मी म्हटलं, माझ्याकडे आहे. माझ्या मोबाईलमध्ये लहानपणापासूनचे फोटो होते. दगड न् दगड लावला मी, आये. कुठला काळा, कुठल्यावर शेवाळ, घार कुठे बसायची. सगळं झालं आणि खिडकी रिकामी दिसायला लागली. मग रुमाल लावला."

"हिरव्या दोऱ्यासकट."

"हिरव्या दोऱ्यासकट."

"आणि काढायला कुणी लावला?"

"सर म्हणाले, छान दिसतोय, लोकांना काढू दे. एवढं वर चढल्यावर हाताला काहीतरी लागावं." तिने नाक ओढलं. "मी सांगायला हवं होतं, हा काढायचा नसतो म्हणून. पण का नसतो, हे सांगावं लागलं असतं. ते मला तिथे बोलता येईना."

केसरचे हात थांबले नाहीत. "किती जनांनी काढला?"

"पुष्कळ."

"म्हंजे आमच्या गावचं एक मानूस पायरीपाशी बसून मी आडवलं," केसर म्हणाली, "आणि तू सगळ्या जगाला जिना दावलास."

ऋतिका रडायला लागली. केसरने करंदीच्या हातानेच तिच्या डोक्यावर टपली मारली. "रडतंस काय? केस धुवावे लागतील आता." आणि मग जरा वेळाने, "लय चांगला बांधलास पन. मला वाटलं, फोटोच हाय."

ऋतिकाने डोळे पुसले. खरं सांगायचं ते पुढेच होतं. सोमवारी गेमचा नवा भाग निघणार होता. त्याआधी रुमालाचं काय ते तिला बदलता येत होतं. सरांना तिने शेवटी सगळं सांगितलं होतं आणि ते म्हणाले होते, तुझा आहे, तू ठरव.

"दोन गोष्टी होतात, आये. एक, मी तो पक्का करून टाकते. मग तो तिथेच राहील, कुणालाच काढता येणार नाही. कधीच. नाहीतर मी तो तिथून काढून टाकते. कडी रिकामी. तो माझा नाहीये, तुझा आहे. तू सांग."

"पक्का कर," केसर लगेच म्हणाली. विचार करायला त्यात काही नव्हतंच. "ह्ये येतील आन् स्वतः सोडतील."

ऋतिकाने सुपात बघितलं. "तिथे कसे येतील, आये?"

 दाराशी काठी वाजली. सोनाबाई भिंतीला धरून उभी होती. ती तिथे कधीपासून होती कोण जाणे.

"ऋतिका," म्हातारी म्हणाली, "अंबाजीला बोलावन आन."

"आत्या, कशाला?" केसर उठलीच.

"पाटलाचं काम हाय म्हनून."

"तुमाला सोसायचं न्हाय."

"मला?" सोनाबाईने तिच्या दिशेने तोंड वळवलं. "गो बाय, रोज ती तुकडी कुनासाठी काडू देतं मी? तुला वाटतं, मला मांजराचं पोट दिसत न्हाय? एवढी काय मी आंधळी न्हाय. म्हनलं, सुनंला धीर ऱ्हातो, तर ऱ्हाऊं दे."

केसर तिच्याकडे बघत राहिली. ती तुकडी तीही त्याचसाठी काढत होती, म्हातारीला धीर राहावा म्हणून. दोघी एकमेकींसाठी मांजर पोसत होत्या.

*

अंबाजी दिवेलागणीच्या आधी आला. तोच जुना नारळ हातात असल्यासारखा, दोन्ही हात पुढे धरून. आता त्याला होडीवर कुणी नेत नसे. दिवसभर तो वाळत घातलेल्या बोंबलांच्या दोऱ्यांखाली बसून कावळे हाकलायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या खोड्या काढायचा. पण आज तो ओटीच्या पायरीशीच थांबला.

घराच्या उंबऱ्यावर केसर बसली होती. ती मुद्दाम बसली नव्हती.  पण वाट बंद झाली होती, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं.

 या वेळी अंबाजी सरक म्हणाला नाही. खाली बघत उभा राहिला. माडांवर उजेड तांबडा झाला होता आणि अर्धा मनोरा त्यात काळा दिसत होता. नागावच्या बाजूने पाण्यावर पाहुण्यांना फिरवणाऱ्या बोटीची घरघर ऐकू येत होती, ती बंद झाली.

केसरने गुडघे बाजूला घेतले.

"या, दादा," ती म्हणाली.

तो आत आला. ऋतिकाने लॅपटॉप पाटावर ठेवला होता. अंबाजी त्याच्यासमोर मांडी घालून बसला, देवासमोर बसतात तसा. डोक्यावरची टोपी सारखी केली.

"हितून वर जायचं? चपला काडायच्या का?"

"नको, काका," ऋतिका म्हणाली. "हे बटण दाबून धरा, म्हणजे माणूस चालेल."

"तरवार कशाला हाय ह्याला?"

"असते ती. लक्ष नका देऊ."

"मनोरा चडायला तरवार," अंबाजी पुटपुटला, पण त्याच्या आवाजात नेहमीची मस्करी नव्हती. त्याचं बोट जाड होतं, बटणं बारीक. शिपाईगडी भिंतीला धडकला, मागे आला, पुन्हा धडकला. सोनाबाई विचारत होती, "पोचला का?" आणि ऋतिका सांगत होती, "जिन्यात आहेत, आजी." पडद्यावर अंधारलेल्या पायऱ्या फिरत वर जात होत्या. अंबाजीला दम लागल्यासारखा झाला. तो खरोखर जिना चढत असल्यासारखा मध्ये थांबला, आणि कुणी त्याला घाई केली नाही.

वरची खिडकी आली. केसर उंबऱ्यावरून उठून त्याच्या मागे उभी राहिली होती. कडीला रुमाल उडत होता. त्याच्यापलीकडे दर्या होता, निळा, स्वच्छ, लांबवर मोकळा. ती तो दर्या बघत राहिली.

"होड्या कुटं हायत?"

"घातल्या नाहीत," ऋतिका म्हणाली.

"एकपन न्हाय?"

"एक जरी घातली असती ना, तर मी रोज तीच बघत बसले असते. काम झालं नसतं, आये."

केसरने मान हलवली. वर्षानुवर्षं ती तेच करत आली होती. ओटीवरून, बाजारातून, पाहुण्यांना वाढताना, प्रत्येक शीड, प्रत्येक इंजिन. आणि पोरीला निदान रिकामा दर्या बघायची हिंमत झाली होती.

पडद्यावर अक्षरं उमटली होती. रुमाल उतरवायचा का? ऋतिकाने काकांना बटण दाखवलं. त्यांनी उतरवला की सोमवारपासून ती कडी सगळ्यांसाठी रिकामीच राहणार होती. अंबाजीने बोट त्याच्यावर नेलं आणि तसंच हवेत धरलं.

"आदी बोलाया लागतं," तो म्हणाला. "नाव घ्याया लागतं."

"घे की मंग," सोनाबाई म्हणाली. तिने पदर तोंडाशी धरला होता.

अंबाजीने तोंड उघडलं. "दर्याच्या साक्षीनं..." म्हणाला.  पुन्हा सुरुवात केली. "आमच्या वाड्याचा, माज्या काकीचा ल्योक..." तिथून पुढे येईना.  त्याने मागे वळून बघितलं, केसरकडे नाही, तिच्या पायांकडे. "माज्यानं न्हाय व्हत, केसर. मीच त्याला पान्यात उतरवला व्हता. तवा कंबरेएवढं व्हतं पोरगं."

 मांजर आत आलं, सगळ्यांना जमलेलं बघून दाराशीच थबकलं.

केसर अंबाजीच्या शेजारी खाली बसली. लग्नात सगळ्या बायकांनी अडवून धरलं तेव्हा उखाण्यात एकदा तिने नवऱ्याचं नाव घेतलं होतं, लाजून, हसत, मध्येच अडखळत, आणि बायका फिदीफिदी हसल्या होत्या. त्यानंतर कधी नाही. घरात ते "ह्ये" होते, बाहेर ते "ऋतिकाचे बाबा" होते, आणि दर्यावरून परत येताना त्यांना हाक मारायचीच झाली तर ती नुसती "ओ" म्हणायची. तेवढ्याने भागत होतं. तो वळून बघायचा.

तिने अंबाजीचं बोट धरलं आणि बटणाशी नेलं. पडद्यावरच्या खिडकीतून त्या मोकळ्या निळ्या पाण्याकडे बघितलं.

"सदा," ती म्हणाली. तिला वाटलं होतं नाव जड असेल. ते हलकं होतं, नुसतं वापरात नसलेलं. "सदा गेला."